‘इनकल्चरेशन’ला मराठी शब्द काय? (बटाक चर्चच्या निमित्ताने)

मीठागर: इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या बटाक समाजाच्या कॅथलिक तरुणांवर मराठीत लिहितेय. तोबा सरोवरातल्या सामोसिर बेटावर पांगुरुरानला चर्चचं छप्परच बटाक घरासारखं आहे. तिकडचे ओएमकेवाले (ओरांग मुदा कातोलिक, म्हणजे कॅथलिक तरुण) मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) गोंडांग हे पारंपरिक वाद्यसंगीत वाजवतात, खांद्यावर उलोस (हाताने विणलेलं वस्त्र) घेऊन तोरतोर नाच करतात, आणि ह्या सगळ्याला शब्द एकच, इनकुल्तुरासी, म्हणजेच इनकल्चरेशन, धर्म तिथल्याच संस्कृतीच्या रूपात जगणं. मी ‘संस्कृतीकरण’ लिहून ठेवलंय पण मनाला पटत नाही.

ओवीबाज: नकोच तो! समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांमुळे त्याचा अर्थ वरच्या जातींचं अनुकरण असा पक्का झालाय, इथे तर उलटं चाललंय. देशीकरण बघा.

मीठागर: देशीकरण म्हटलं की बाहेरच्या मालाला इथलं लेबल लावल्यासारखं वाटतं हो. ही पोरं तर घरातलंच चर्चमध्ये नेतायत.

चिंचोका: आधी एक, उलोसला शाल लिहू नका प्लीज. शाल कोणीही कोणाला घालतो, सत्काराला तर ढिगाने. उलोस वरून खाली येतो, म्हणजे मुलगी देणारं घर (हुला-हुला) मुलगी घेणाऱ्यांना देतं, तुलांग म्हणजे मामा भाच्यांना देतो, सोबत आशीर्वाद. आपल्याकडचं जवळचं म्हणजे मामाचा आहेर. आणि हो, मामाच्या मुलीशी लग्न तिकडेही चालतं, तिला पारिबान म्हणतात 😄

नवखा: गोंडांग म्हणजे आपला गोंधळच ना?

ओवीबाज: नाही रे बाबा, कानाला सारखं लागतं म्हणून व्युत्पत्ती लावायची नसते. खरा आपल्याकडून गेलेला शब्द म्हणजे देबाता, तो देवता! बटाक बायबलमध्ये देवाला हाच शब्द आहे. पण गंमत अशी की वाद्यं, वादकांचा ताफा, वाजवायची रचना ह्या सगळ्याला गोंडांगच म्हणतात, आणि त्याचं नातं पूर्वजांच्या आत्म्यांशी, म्हणून सुरुवातीच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी ते बंद पाडलं होतं. त्यामुळे आज तेच मिस्साला वाजतं ह्याला नुसतं ‘स्थानिक संगीत’ म्हणालात तर अर्धी गोष्ट गेली.

चिंचोका: मग ‘रुजवणं’?

मीठागर: रुजवणं म्हटलं की माळी कोण, कॅपुचिन फादर (तिकडचे कॅथलिक मिशनरी)? पोरं राहिली बाजूला. ‘रुजणं’ लिहिते, आणि उलोसला उलोसच. आहेर कंसात.