संध्याकाळी सातनंतर रोव्हरचा फिक्स का सुटतो?

धुरेकरी: दिग्रस तालुका. एप्रिलच्या उन्हात दुपारी धुऱ्यावर उभं राहवत नाही, म्हणून रोव्हरने (उपग्रहांवरून जागा मोजणारं, हातात फिरवायचं यंत्र) मोजणी पाचनंतर. साडेसातपर्यंत फिक्स (सेंटीमीटरपर्यंत नेमकी जागा) पक्का, मग फ्लोट (अंदाजे जागा), पुन्हा फिक्स, पुन्हा फ्लोट. बेस (एका जागी ठेवलेलं, रोव्हरला दुरुस्ती पाठवणारं यंत्र) 28 किमीवर, आकाश मोकळं, उपग्रह 20च्या वर. मशीन बिघडली का?

पांदणवाला: आधी करेक्शनचं वय (बेसकडून आलेली दुरुस्ती किती सेकंद जुनी) पाहा भाऊ. सारखं 5 सेकंदांच्या वर जात असेल तर करेक्शन आणणाऱ्या सिमच्या रेंजचा घोळ. वय 1-2च असेल तर उपग्रहांच्या सिग्नलच्या ताकदीचे आकडे उघडा. बहुधा दक्षिणेकडच्या एक-दोघांचा आकडा 45वरून 28, लगेच परत 44, असा नाचताना दिसेल. मशीन ठीक आहे, हा आयनोस्फिअरमधला (वातावरणाच्या वरच्या भारित थरातला) प्लाझ्मा, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा वायू. चुंबकीय विषुववृत्त केरळ-तमिळनाडूच्या टोकाजवळून जातं. दिवस मावळला की तिथे विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात आणि चुंबकीय रेषांवरून उत्तरेकडे पसरतात. त्यांच्यातल्या तीन-चारशे मीटरच्या गुठळ्यांतून लहर विस्कटून येते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्यांचे खास महिने.

धुरेकरी: पण रोव्हर एल1सोबत एल5 (उपग्रहाची दुसरी, कमी फ्रिक्वेन्सी) घेतो. दोन फ्रिक्वेन्सी असल्या की आयनोस्फिअर कटतो म्हणतात ना?

टेकमोजे: अर्धंच खरं. प्लाझ्मात सिग्नलमधला कोड मागे पडतो, लहरीची फेज तेवढीच पुढे सरकते, आणि हे फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. एक टेक युनिट, म्हणजे एक चौरस मीटरच्या खांबात 10¹⁶ इलेक्ट्रॉन, एल1ला 16 सेमी आणि एल5ला 29 सेमी उशीर देतं. या फरकातून उशीर काढता येतो. लुकलुक, म्हणजे सिग्नलचं ते नाचणं, मात्र कटत नाही. उलट कमी फ्रिक्वेन्सीला ती जास्त छळते, म्हणून एल5 बहुतेकदा एल1च्या आधी सुटतो.

फ्लोट परवडला, खोटा फिक्स वाईट. एल1ची लहर 19 सेमीची, आणि फिक्स म्हणजे अशा पूर्ण लहरींची मोजदाद. बेस आणि रोव्हरच्या वरच्या प्लाझ्मात एक युनिटचा फरक पडला, तरी लहरींची मोजदाद एकाने चुकू शकते. स्क्रीन तेव्हाही फिक्सच दाखवते.

पांदणवाला: म्हणून काम सकाळी 6 ते 10 ठेवा. संध्याकाळीच करायचं असेल तर बेस 5 किमीच्या आत लावा, मास्क 15 अंश (त्याखालचे, क्षितिजाजवळचे उपग्रह सोडायचे), आणि नाचणारे उपग्रह हाताने बंद करा; चांगले दहा-बारा उरले तरी भागतं. दगडावर बिंदू घेतला की फिक्स तोडून नव्याने घ्या, दहा मिनिटांनी तोच दगड पुन्हा मोजा. 4 सेमीच्या वर फरक आला तर दोन्ही खोडा. बेसचा कच्चा डेटा साठवत राहा, नकाशावर वाद झाला तर मागाहून तपासता येतो.

धुरेकरी: वय 1 सेकंद. नाचणारे दोन, दोन्ही दक्षिणेला. उद्या सहाला पोल लावतो.