‘किरकोळ नुकसान’: विमानाजवळ हा शब्द वापरावा का?

धावपट्टी:
वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या हँगरमध्ये काम करणाऱ्या मुलांसाठी एक सूचनापत्रक मराठीत करतोय. विमानं ढकलणारी, धुणारी, इंधन भरणारी ही मुलं आसपासच्या गावांतली आहेत. मजकुराचा आशय असा, की विमानाला लहानसं काही लागलं तरी लगेच कळवा. मी लिहिलं, ‘किरकोळ नुकसानीचीही तक्रार करावी.’ वाचून दाखवल्यावर एकानं विचारलं, ‘‘तक्रार कुणाविरुद्ध?’’ तिथंच अडलो. आता ‘किरकोळ’ही खटकायला लागलाय. शिवाय अपघात, दुर्घटना आणि घटना यांतला फरक कसा सांगायचा?

कोशवाचक:
आधी सोपा भाग. दुर्घटना आणि अपघात या दोन वेगळ्या पायऱ्या नाहीत. हिंदीत दुर्घटना म्हणतात, तोच मराठीत अपघात. केंद्राच्या कागदांत ‘वायुयान दुर्घटना अन्वेषण ब्यूरो’ येतं ते हिंदीमुळे. आपल्या बातम्यांत माणसं गेली की दुर्घटना आणि वाचली की अपघात, अशी सवय पडलीय. ती पत्रकात आणू नका. जाता जाता, गुजरातीत ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या, आणि आपला अपघात तिथं ‘अकस्मात’. आपल्या पोलीस ठाण्यातली ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद त्याच अर्थाच्या जवळची.

विमानांच्या बाबतीत ‘अपघात’ मोजूनमापून ठरवलेला आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचं १३ वं परिशिष्ट १९५१ सालचं. उड्डाणाच्या हेतूनं पहिला माणूस चढल्यापासून सगळे उतरेपर्यंत कुणी मेलं, गंभीर जखमी झालं, विमान बेपत्ता झालं, किंवा विमानाच्या मजबुतीवर वा उडण्यावर परिणाम होईल आणि मोठी दुरुस्ती लागेल असं नुकसान झालं, तर तो अपघात. हाड मोडलं तर जखम गंभीर. पण हातापायाचं बोट किंवा नाक साधं मोडलं तर नाही. अपघात होता होता टळला तर ‘गंभीर घटना’. त्याखालची ती नुसती ‘घटना’.

म्हणजे तुमच्या मुलांनी विमान आत ढकलताना पंखाचं टोक दाराला लागलं, तर तो या व्याख्येत अपघात नाहीच. उडायला कुणी बसलेलंच नव्हतं.

पाना_पकड:
आणि नेमका तसाच धक्का कुणी येऊन सांगत नाही. लहान विमानांच्या दुरुस्तीत माझी हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘किरकोळ’ काढाच. बाजारात घाऊक-किरकोळ ठीक आहे, बातमीत ‘किरकोळ जखमी’ही चालतं. पण हँगरमध्ये ‘किरकोळ’ म्हटलं की ऐकणाऱ्यानं निकाल ऐकला: सोडून द्या. हा निकाल द्यायचा अधिकार ढकलणाऱ्या मुलाला नाही, शिकाऊ वैमानिकालाही नाही. तो तपासणाऱ्याचा. प्रोपेलरच्या पात्याच्या कडेला खड्यानं ज्वारीएवढा टवका उडतो. आम्ही तो कानशीनं घासून गुळगुळीत करतो, कारण तसाच राहिला तर तिथूनच पात्याला तडा सुरू होतो. टवका तेवढाच, कळला तर साधं काम, नाही कळला तर पातं तुटण्याची भीती.

दुसरं, आत लपणारं नुकसान. सेस्ना १७२ या लहान विमानाचं पुढचं चाक इंजिनामागच्या उभ्या पत्र्याला, म्हणजे फायरवॉलला जोडलेलं असतं. उतरताना विमान उसळलं आणि नाकावर आपटलं, तर बाहेरून सगळं जिथल्या तिथं दिसतं. झाकण उघडून पाहा, फायरवॉलला सुरकुत्या पडलेल्या असू शकतात. प्रोपेलर जमिनीला लागला तर लायकॉमिंगसारखी इंजिन बनवणारी कंपनी इंजिन आतून तपासायला सांगते, पातं थोडंच वाकलेलं दिसलं तरी.

शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. पत्रा आत दबला तर पोचा. भांड्याला येतो तोच, मुलांना लगेच कळेल. वरवर ओढला गेला तर ओरखडा, खोल गेला तर चरा, कडेचा तुकडा उडाला तर टवका. ‘नुकसान’ म्हटलं की कुणी भरून द्यायचं, हा विचार आधी येतो. पोचा म्हटलं की नुसता पोचा.

एक सावधगिरी: ‘पंख’ आणि ‘पंखा’ यांत गोंधळ होतो. प्रोपेलरला प्रोपेलरच म्हणा.

सातासमुद्रापार:
अमेरिकेत क्लबचं विमान उडवतो. इथल्या नियमात ‘मोठं नुकसान’ कशाला म्हणायचं नाही याची यादीच आहे: पत्र्याचे पोचे, पंखांची टोकं, टायर, ब्रेक, चाकं, फ्लॅप. एवढंच झालं असेल तर तेवढ्यावरून तो अपघात ठरत नाही. पण यादी सरकारला कळवण्यापुरती. माझ्यानंतर त्याच विमानात बसणाऱ्याला कळायलाच हवं, म्हणून आम्ही ते लिहून ठेवतो. त्याला इथं ‘स्क्वॉक’ म्हणतात. भारतात ‘स्नॅग’ म्हणतात ना?

पाना_पकड:
हो, ‘स्नॅग लिहिला का?’ हेच रोजचं वाक्य. बातमीत त्याचा ‘तांत्रिक बिघाड’ होतो. पण पोचा म्हणजे बिघाड नव्हे. यंत्र चालूच असतं.

कोशवाचक:
‘तक्रार’ला माझा पर्याय: वर्दी देणे, म्हणजे खबर देणे. अग्निशमन दलाला वर्दी जाते तेव्हा आग कुणी लावली हे कुणी विचारत नाही; आधी गाडी निघते. तेरावं परिशिष्टही स्पष्ट म्हणतं, की तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हाच आहे, दोष ठरवणं नाही. भारताच्या २०१२च्या विमान अपघात तपास नियमांत अपघात झाल्यावर विमानाच्या कमांडरनं, म्हणजे मुख्य वैमानिकानं, २४ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि वर म्हटलेल्या अन्वेषण ब्यूरोला, शिवाय जिल्हा दंडाधिकारी आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं आहे. ही सरळ वर्दीच आहे.

धावपट्टी:
शब्द फार आवडला, म्हणून आज हँगरमध्ये विचारून आलो. चौघांपैकी तिघांना वर्दी म्हणजे गणवेश वाटला. हिंदीचा परिणाम. मोठ्या माणसांच्या पत्रकात ठेवेन, इथं नाही. आता मजकूर असा झालाय:

‘विमानाला पोचा, चरा, टवका दिसला, काही वाकलेलं किंवा गळताना दिसलं, किंवा आपल्या हातून विमान कशाला लागलं, तर हातातलं काम थांबवून लगेच मेकॅनिकला सांगा. लहान आहे की मोठं ते मेकॅनिक ठरवेल. त्यानं पाहिल्याशिवाय विमान बाहेर काढू नका.’

पाना_पकड:
‘आपल्या हातून’ हे शब्द आधी घ्या. लपतं ते तेवढंच.