शब्दचर्चा: 'आंतरिक ऊर्जा निर्माण करणे' – चीगोंगमधल्या 'ची'ला आणि 'गोंग'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी, एका भाषांतरात अडकलेय म्हणून हा धागा. आमच्या बागेत रोज सकाळी आम्ही सात-आठ जणी बादुआनजिन करतो, म्हणजे चीगोंगमधला (श्वास, मन आणि संथ हालचाली जुळवायची चिनी साधना) आठ हालचालींचा व्यायाम, नावाचा अर्थच 'किनखापाचे आठ तुकडे'. त्यातल्या काही जणींना इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो म्हणून माहितीचं एक पान मराठीत करायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला गाडी थांबली. कुणीतरी आधी केलेलं भाषांतर हाताशी होतं ते असं: 'या सरावाने शरीरात आंतरिक ऊर्जा निर्माण होते, नाभीखालील ऊर्जाकेंद्र जागृत होते, त्या केंद्रावर लक्ष केंद्रित करावे.' वाचायला बरं वाटतं पण मला यातला एकही शब्द पटत नाहीये, आणि का पटत नाही ते सांगते.

'आंतरिक ऊर्जा' हा तर सरळ फिजिक्सचा शब्द झाला, वायूचं तापमान वाढलं की त्याची आंतरिक ऊर्जा वाढते वगैरे. ऊर्जा म्हटलं की आपल्या डोक्यात ज्यूल, वीज, बॅटरी चार्ज होणं असलंच काहीतरी येतं. पण इथे 'ऊर्जा' ज्याच्यासाठी घातलंय तो मूळ शब्द आहे 'ची', आणि चिनी माणूस तो दिवसभर कशाकशाला वापरतो बघा. हवामानाला 'थ्येनची' म्हणजे आभाळाची ची. हवेला 'खोंगची'. वासाला 'चीवेइ'. अंगातल्या ताकदीला 'लीची', स्वभावाला 'फीची', नशिबाला 'युनची', आणि राग येण्याला 'शंगची' म्हणजे ची उसळणं. आता यातल्या कुठल्या ठिकाणी 'ऊर्जा' बसते? एकाही नाही.

मग मी विचार करत बसले की आपल्याकडे एवढा ऐसपैस शब्द कुठला, तर मला सापडला 'दम'. दम लागतो तो श्वास. 'त्याच्यात दम नाही' म्हणतो ती ताकद. 'जरा दम धर' ही सबुरी. 'चांगला दम दिला' तो राग. आणि बिर्याणी दमावर ठेवतो ती वाफ! श्वास, ताकद, राग आणि वाफ हे सगळं एका शब्दात. 'ची'साठी याहून जवळचा शब्द मला तरी मराठीत दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

प्रतिसाद १

ताई, दम आवडला. श्वासवाला दम फारसीतून आलाय, तिकडे त्याचा अर्थच श्वास. शम-दममधला दम मात्र संस्कृत, म्हणजे आवरणं, निग्रह. आपल्याकडे दोन्ही एकत्र मुरलेत.

अजून एक गोष्ट, 'ची' हे चिनी अक्षर जुन्या पद्धतीने लिहिताना वरती वाफेची खूण आणि खाली 'तांदूळ' असतं. म्हणजे शिजणाऱ्या भातावरची वाफ, म्हणूनच तुमचा दमावरचा भात अगदी फिट्ट बसतो. आता चीनमध्ये सोपं केलेलं अक्षर चालतं त्यातून तांदूळ काढून टाकलाय, नुसती वाफ उरलीय.

---

प्रतिसाद २

भातावरच्या वाफेची गोष्ट सगळीकडे सांगतात, पण ती जपून वापरावी असं मी म्हणेन. हान काळातल्या सर्वात जुन्या अक्षरकोशात, शुओवेन जिएझीमध्ये, या तांदळासकटच्या अक्षराचा अर्थ दिलाय 'पाहुण्याला दिलेला शिधा', आणि वाफेची खूण तिथे फक्त उच्चार दाखवायला आहे असं म्हटलंय. वाफ-हवा-श्वास हा अर्थ मुळात तांदूळ नसलेल्या साध्या अक्षराचा, पुढे तो या अक्षराकडे आला. आणि ताओवादी (ताओवाद ही चीनमधली एक जुनी धर्मपरंपरा) साधनेच्या ग्रंथांत तर जन्माआधीच्या, मूळच्या चीसाठी तिसरंच अक्षर लिहितात ज्याच्या खाली विस्तवाचे चार ठिपके असतात. उच्चार तिन्हींचा एकच.

उच्चारावरून आठवलं, खरा उच्चार 'छी'च्या जवळ जातो आणि गोंग हा 'कुंग'कडे झुकतो. पण मराठीत छी लिहिलं तर किळस आल्यासारखं वाचलं जाईल म्हणून 'ची'च ठेवा. जपानी लोक हेच अक्षर 'की' वाचतात, ऐकिदोमधला की तोच आणि रेकीतला की पण तोच, हे बऱ्याच रेकीवाल्यांना माहीत नसतं.

---

प्रतिसाद ३

मी असहमत. सरळ 'प्राण' म्हणा ना, आयता शब्द आहे, प्राणायाम सगळ्यांना माहीत आहे. दम म्हटलं की जरा गावठी वाटतं आणि साधनेचं गांभीर्य जातं.

---

धागाकर्ती

प्राण मी आधी लिहून पाहिला होता दादा, मग खोडला. कारण प्राण म्हटला की त्याच्यामागून अपान, व्यान, उदान, समान येतात, इडा-पिंगळा येतात, आणि वाचणारी आपोआप कुंडलिनीचा नकाशा डोक्यात घेऊन बसते. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ज्यांनी ऐकलाय त्यांना तर ते चित्र पुसता येणारच नाही. पण ताओवाद्यांचा नकाशा वेगळा आहे. त्यांच्या 'छोट्या आकाशफेऱ्ये'त ची पाठीच्या कण्यातून वर चढते, डोक्यावरून येते आणि पुढच्या बाजूने खाली उतरून परत पोटात येते. ते रहाट फिरल्यासारखं आहे, वर जाऊन तिथे लीन होणं नाही. शब्द उसना घेतला की त्याचा नकाशाही उसना येतो, माझी भीती ती आहे. 'जागृत करणे' हे क्रियापद पण कुंडलिनीकडूनच आलंय.

आणि गावठी म्हणालात त्याबद्दल, चिनी शब्द स्वतःच गावठी आहेत हो! म्हणजे शेतातले आणि स्वयंपाकघरातले. 'दानत्येन' ज्याला आपण ऊर्जाकेंद्र म्हणून मोकळे होतो त्यातला 'त्येन' म्हणजे शेत, अगदी अक्षरही बांध घातलेल्या चार वाफ्यांसारखं दिसतं. आणि 'दान' म्हणजे हिंगूळ. पूर्वी हिंगूळ, पारा, शिसं भट्टीत घालून अमर व्हायचं औषध करायचे, ते खाऊन थांग घराण्याचे बादशहासुद्धा मेलेत. म्हणून दान म्हणजे ते औषध, ती गुटिका. पुढे साधकांनी सांगितलं की भट्टी बाहेर नको, देहातच लावा, त्याला नेइदान म्हणजे आतली गुटिका म्हणायला लागले. मग दानत्येन म्हणजे काय, तर ती गुटिका पिकवायचं शेत. केंद्र म्हटलं की कंपासचं टोक टेकवल्यासारखा एक ठिपका होतो. शेत म्हटलं की जागा होते, माती होते, हंगाम येतो.

बीजिंगच्या पांढऱ्या ढगांच्या मंदिरात, बाइयुनग्वानमध्ये, १८८६ साली कोरलेली एक शिळा आहे, 'नेइजिंग थू' नावाची, माणसाचं अंग आतून कसं दिसतं त्याचं चित्र. त्यात पोटाच्या जागी खरोखर एक माणूस बैलाने शेत नांगरतोय. खाली एक मुलगा आणि मुलगी पायरहाट चालवून पाणी उलटं कण्यातून वर चढवतायत. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ बघत बसले, आणि मग 'ऊर्जाकेंद्र' हा शब्द लिहायला हातच धजेना.

---

प्रतिसाद ४

माझं सगळं बालपण कोल्हापूरच्या तालमीच्या शेजारी गेलंय म्हणून 'गोंग'बद्दल बोलतो. त्या अक्षराचे दोन भाग आहेत असं वाचलंय, एक काम आणि दुसरा बळ. कुंगफूमधला कुंग तोच, आणि कुंगफूचा मूळ अर्थ मारामारी नाहीच, वेळ आणि कष्ट घालून हातात आलेलं कसब. याला आमच्याकडे शब्द आहे 'मेहनत'. तालमीत 'व्यायाम केला' कोणी म्हणत नाही, 'मेहनत केली' म्हणतात. आणि मेहनतीने जे होतं ते 'कमावणं'. कमावलेलं अंग, कमावलेला आवाज, कातडंसुद्धा कमावतात. कमावणं म्हणजे नवीन काही निर्माण करणं नाही, जे आहे त्यालाच रोज घासून पुसून तयार करणं. आणि पैलवान काय कमावतो तर दमसास. गवई पण दमसासच कमावतो. मग चीगोंग म्हणजे दमाची मेहनत, आणि तुमचं वाक्य 'यातून दम कमावला जातो'. संपला विषय.

---

धागाकर्ती

काका, दंडवत! 'कमावणे' मला सुचलंच नव्हतं. चिनीत पण 'निर्माण करणे' मला कुठे सापडलं नाही हो, मी मुद्दाम शोधलं. त्यांची क्रियापदं आहेत 'यांग' म्हणजे पोसणे, जोपासणे, 'ज्यू' म्हणजे गोळा करणे, 'ल्येन' म्हणजे विस्तवावर आटवून शुद्ध करणे, आणि 'शोउ' म्हणजे राखणे. जिंग (देहाचं सत्त्व), ची आणि शेन (चित्त, चैतन्य) असे तीन खजिने मानतात आणि साधना म्हणजे जिंग आटवून ची करायची, ची आटवून शेन, शेन आटवून परत शून्यात. मला तर दुधाचं दही, दह्याचं लोणी आणि लोणी कढवून तूप असंच दिसतं, वस्तू बाहेरून आणायची नाहीये.

---

प्रतिसाद २

यांगबद्दल पुस्ती जोडतो. चीगोंग हे नाव एवढं सर्रास झालं १९५० च्या दशकात. ल्यू ग्वेइजन नावाचे एक पक्ष-कार्यकर्ते होते, पोटाच्या अल्सरने त्रासलेले, ते एका जुन्या पद्धतीने बरे झाले आणि मग त्यांनी हपेई प्रांतात समुद्रकाठी बेइदाइहला सॅनिटोरियम चालवलं, १९५७ मध्ये पुस्तक काढलं, तिथून हा शब्द देशभर गेला. पण त्या पद्धतीचं नाव होतं 'नेइयांग गोंग', आतून पोसण्याची मेहनत. त्याआधीचे शब्द वेगळेच होते. 'दाओयिन' म्हणजे वळवणं आणि ताणणं, 'थूना' म्हणजे जुना श्वास टाकणं नि नवा घेणं. छांगशाजवळ मावांगद्वेइला १९७३ मध्ये जी कबर उघडली, इ.स.पू. १६८ ची, त्यात रेशमावर व्यायाम करणाऱ्या ४४ माणसांचं चित्र निघालं, त्याला दाओयिनचंच चित्र म्हणतात.

पोसण्याचा सगळ्यात सुंदर उल्लेख मेन्शियसकडे आहे. तो ताओवादी नव्हे, कन्फ्यूशियसच्या परंपरेतला. तो म्हणतो मी माझी विशाल ची नीट पोसतो, आणि लगेच एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. पीक लवकर वाढत नाही म्हणून हा गडी शेतात जाऊन एकेक रोप थोडं थोडं वर उपटून आला, घरी येऊन सांगतो आज फार दमलो, रोपांना वाढायला मदत केली. पोरगा धावत जाऊन बघतो तर सगळं पीक वाळलेलं. आजही चिनी भाषेत 'रोप ओढून वाढवणं' हा वाक्प्रचार आहे. 'ऊर्जा निर्माण करा' असं वाचून जी बाई जोर लावून श्वास कोंडेल ती हेच करतेय.

---

प्रतिसाद ५

इथे थोडं थांबून सांगते, कारण मी हे अंगावर काढलंय. ऊर्जा जागृत करायची म्हणून एका शिबिरात आम्हाला श्वास रोखून पोटात जोर लावायला सांगायचे, महिनाभरात मला झोप येईना, डोकं गरम, छातीत धडधड. डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलं तेव्हा बरं वाटलं. नंतर कळलं की चिनी लोकांकडे याला शब्दच आहे, 'ज़ोउह्वो रूमो', विस्तव पळाला आणि भूत शिरलं. अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या १९९४ च्या आजारांच्या यादीत पण चीगोंगमुळे होणाऱ्या मानसिक त्रासाची नोंद होती. तेव्हा ताई, तुमच्या पानावर शब्द निवडताना हे लक्षात ठेवा, कारण लोक क्रियापद वाचतात आणि तसंच करतात. मी केलं तसं.

---

धागाकर्ती

हे सांगितल्याबद्दल मनापासून आभार, आता बरं आहे ना तुम्हाला? पानावर ठळक लिहिणारे की श्वास कोंडायचा नाही आणि त्रास झाला तर थांबायचं, डॉक्टरला दाखवायचं.

विस्तवाचं निघालं म्हणून विचारते, 'ह्वोहौ' हा शब्द अडलाय. ह्वो विस्तव, हौ म्हणजे वेळ, हंगाम. चिनी आचारी पण वापरतात आणि नेइदानवाले पण. मंद विस्तव नि मोठा विस्तव यांचे शब्दही दोघांचे तेच, 'वेन ह्वो' आणि 'वू ह्वो'. मी 'आच' लिहिलंय. मंद आचेवर, मोठ्या आचेवर. पण आचेत ती वेळ येत नाही, कधी वाढवायची कधी कमी करायची ते.

---

प्रतिसाद ६

मराठवाड्यातून. आमच्याकडं त्या वेळेला 'वापसा' म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर जमीन लगेच पेरायची नसती, चिखल असतो, आणि लई थांबलं तर कोरडी होती. मधी एक टाइम येतो, माती हातात घेतली की गोळा बी होत नाही अन् धूळ बी होत नाही, तो वापसा. पुस्तकात वाचून कळत नाही, पायाला कळतो. तुमचं पोटात शेत आहे म्हणता तर वापसा बघूनच पेरावं लागंल. अन् ते लक्ष केंद्रित करा असं नका लिहू, शेतावर कुणी लक्ष केंद्रित करत नाही, शेत राखत्यात. माळ्यावर बसून राखण करायची, पाखरं आली तर हो हो करायचं, नाहीतर निवांत.

---

धागाकर्ती

दादा, शोउ! मी वर लिहिलं ना 'शोउ' म्हणजे राखणे, ते 'यी शोउ दानत्येन' असं येतं, म्हणजे मनाने दानत्येन राखणे, आणि तरी त्या जुन्या भाषांतरातलं 'लक्ष केंद्रित करा' मी माझ्या पानावर तसंच ठेवून बसले होते. राखण. किती नेमकं आहे. डोळे वटारून बघायचं नाही, सोडूनही जायचं नाही.

आणि दानत्येनची जागा सांगायला मी 'ओटीपोट' घेतेय. बेंबीच्या खाली तीन-चार बोटं, पण कातडीवर नाही, आत. आपल्या भाषेत त्या जागेचं नावच ओटी आहे आणि ओटी तांदळाने, नारळाने भरतात. नाभीखालील केंद्र म्हणण्यापेक्षा ओटीपोट म्हटलं की आमच्यातल्या सत्तरीच्या आजींचासुद्धा हात बरोबर तिथे जातो, मी आज सकाळीच करून पाहिलं.

तर सध्या वाक्य असं झालंय: 'रोजच्या मेहनतीने दम कमावला जातो आणि ओटीपोटात मुरतो. ओटीपोटातलं ते शेत मनाने राखावं, श्वास ओढू नये, कोंडू नये.' 'ची' हा शब्द पहिल्यांदा येईल तिथे तसाच ठेवून पुढे दम.

आता एकच शब्द राहिला, 'सोंग'. म्हणजे उच्चार तसा, आपलं सोंग नव्हे. सगळे शिक्षक सारखे सांगत असतात, सोंग, सोंग. इंग्रजीत रिलॅक्स करतात. 'ढिलं सोडा' लिहिलं तर सगळ्या जणी खांदे पाडून पोक काढून उभ्या राहतात, ते अगदी चूक.

---

प्रतिसाद २

सोंगच्या जुन्या अक्षरात वरती केसांची खूण आहे. न बांधलेले केस. फुललेल्या खुसखुशीत खाण्यालाही तोच शब्द, आणि माती भुसभुशीत करण्यालाही.

---

प्रतिसाद १

मग 'मोकळं'! केस मोकळे, भात मोकळा, अंग मोकळं. मोकळा भात म्हणजे गिच्च नाही आणि कच्चा पण नाही, प्रत्येक शीत सुटं तरी उभं.

---

धागाकर्ती

मोकळं. लिहिलं. उद्या सकाळी पान वाटते आणि खांदे कसे राहतात ते इथे येऊन सांगते.