मालदीव: बेटावरच्या हेल्थ सेंटरचा कचरा, इन्सिनरेटर घ्यावा की ऑटोक्लेव्ह?

चिपळूणची_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स आहे, तीन वर्षं झाली मालदीवमधल्या एका छोट्या बेटावरच्या हेल्थ सेंटरला काम करतेय. बेटाचं नाव सांगत नाही, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पंधरा मिनिटं, एवढंच बेट.

प्रश्न कचऱ्याचा आहे. सुया सेफ्टी बॉक्समध्ये जातात तेवढं बरंय, पण पुढे तो बॉक्स, ड्रेसिंगचे बोळे, सलाईनच्या नळ्या सगळं कुनिगोंडुवर (म्हणजे गावाची कचरा टाकायची जागा, समुद्राच्या कडेलाच) एका पत्र्याच्या ड्रममध्ये डिझेल ओतून जाळतात. राखेत सुया तशाच राहतात, मी स्वतः काठीने ढवळून पाहिलंय. आणि गेल्या महिन्यात उधाण आलं तेव्हा पाणी थेट तिथपर्यंत आलं नि अर्धवट जळलेल्या नळ्या शाळेच्या बाजूच्या किनाऱ्यावर लागल्या. २०२१ च्या पुरात आमच्या चिपळुणात घराघरात काय काय वाहून आलं ते आठवलं आणि रात्रभर झोप नाही.

आता एक मदत करणारी संस्था म्हणतेय एक मशीन देतो. आमच्या मॅनेजरना इन्सिनरेटर (कचरा जाळायची बंद भट्टी) हवाय, "सगळं जळून जाईल, विषय संपला". दुसरा पर्याय ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं मशीन). मला पटत नाहीये पण नक्की का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. कोणी या लाइनमधलं आहे का इथे?

भट्टीवाला_नाशिक

ताई, मी बायोमेडिकल कचऱ्याच्या कॉमन प्लांटवर (अनेक दवाखान्यांचा कचरा एकत्र येतो तिथे) ऑपरेटर होतो नऊ वर्षं, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय. तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. आपल्याकडे २०१६ च्या नियमात इन्सिनरेटरला दोन चेंबर लागतात, पहिला किमान ८०० डिग्री, दुसरा १०५० च्या आसपास आणि धूर त्या दुसऱ्यात किमान दोन सेकंद राहिला पाहिजे. हे मोठ्या प्लांटला जमतं कारण भट्टी तासन्‌तास चालू असते. तुमच्याकडे दिवसाला दोन-तीन पिशव्या, म्हणजे पेटवायची, तापायच्या आतच माल संपला, बंद करायची. रोज तापली-गार झाली तापली-गार झाली की आतल्या विटांना तडे जातात. मग डिझेल वाचवायला दुसरा बर्नर कोणीतरी बंद करून ठेवतो (करतोच, मी पाहिलंय) आणि उरतो काय, तर चिमणीवाला महागडा ड्रम. वर पीव्हीसीच्या पिशव्या नळ्या त्यात गेल्या की कमी तापमानाला डायॉक्सिन (अतिशय विषारी रसायन) तयार होतं, ते तुमच्या पंधरा मिनिटांच्या बेटावर जाणार कुठे? माशात आणि माणसात.

आधी एक सांगा, रोजचं वजन किती? आणि त्यात जेवणाची पाकिटं डायपर किती?

सरळसोट

मी डॉक्टर बिक्टर नाही, पण एवढा त्रास कशाला? तुतिकोरीनहून मालेला (मालदीवची राजधानी) माल घेऊन बोटी जातातच ना, परत येताना रिकाम्याच येत असतील, द्या भरून, इकडच्या प्लांटला जाळतील. नाहीतर सरळ खोल खड्डा करून पुरा.

डॉ_पूर्वी_अॅटॉलवर

@सरळसोट दादा, इतकं सोपं असतं तर झालंच असतं की. घातक कचरा एका देशातून दुसऱ्यात न्यायचं म्हटलं तर त्यावर बंधनं घालणारा बासेल करार आहे, आणि आपल्या नियमांप्रमाणे विल्हेवाटीसाठी असा कचरा भारतात आणताच येत नाही. खड्ड्याचं म्हणाल तर आपल्याच नियमात खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान सहा मीटर खाली असावं लागतं. मालदीवमध्ये बऱ्याच बेटांवर मीटर-दीड मीटर खणलं की पाणी लागतं! पावसाचं गोडं पाणी खाऱ्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं, तीच तिथली विहीर. देशाची ऐंशी टक्के जमीन समुद्रापासून एक मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे, पुरणार कुठे.

सिस्टर, मी दुसऱ्या एका अॅटॉलच्या (प्रवाळबेटांच्या समूहाच्या) हॉस्पिटलात दोन वर्षं होतो. तुमचं उधाण वाचून आठवलं, तिथे दिवेहीत (तिथली भाषा) त्या लाटांना "उधा"च म्हणतात, ऐकून मला एकदम रत्नागिरीत असल्यासारखं वाटलं होतं. २००७ च्या मे महिन्यात तर एकाच वेळी कितीतरी बेटांवर उधा चढला होता, आणि त्याच्या आधी २००४ ची त्सुनामी, कंदोल्हुधू नावाचं बेट तर लोकांना कायमचं सोडावं लागलं. म्हणून मशीन कुठलं या आधी मशीन कुठे हे ठरवा. कुनिगोंडुवर अजिबात नको. सेंटरच्या आवारात, बेटाच्या आतल्या बाजूला, कमरेएवढ्या उंच ओट्यावर. साठवायच्या पिशव्याही तिथेच, कुलपात.

"मालेला पाठवून द्या" असं कोणी म्हणेल. देश उत्तर-दक्षिण साधारण ८७० किलोमीटर पसरलाय, जून-जुलैत समुद्र खवळला की धोनी (बोट, आपला माही नाही) दिवसेंदिवस येत नाही. आणि पूर्वी मालेचा कचरा तरी कुठे जायचा, थिलाफुशीला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लगूनमध्ये (प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ पाण्यात) कचरा टाकून टाकून तयार केलेलं बेट ते, वर्षानुवर्षं उघड्यावर जळत होतं, धूर राजधानीतून दिसायचा. ते जाळणं २०२१ मध्ये थांबलं. तेव्हा संसर्गाचा कचरा बेटावरच निर्जंतुक करा, मग जे उरेल ते साधा कचरा म्हणून पाठवा. थोडक्यात माझं मत ऑटोक्लेव्ह.

चिपळूणची_सिस्टर

उशीर झाला, नाइट होती. भट्टीवाले दादा, तुमचं ऐकून आठवडाभर ताजव्यावर (बाळांचा वजनकाटा, धुऊन ठेवला हो नंतर) वजन केलं. रोजचं सरासरी नऊ किलो, आणि पिशव्या उघडून वेगळं केलं तर खरा संसर्गाचा माल जेमतेम दीड किलो!! बाकी रॅपर, पुठ्ठे, पाण्याच्या बाटल्या, डायपर, चहाचे कप. आमच्या वॉर्डात पिवळी बादली (संसर्गाच्या कचऱ्याची) दाराशी ठेवलेली आहे आणि काळी (साध्या कचऱ्याची) कुठेतरी कपाटामागे, मग लोक टाकणार कुठे. शिकवताना आम्हाला सांगितलं होतं की हॉस्पिटलच्या कचऱ्यातला साधारण ८५ टक्के साधाच असतो, तेव्हा फक्त परीक्षेत लिहिलं होतं.

मॅनेजरना आकडा दाखवला, ते गप्प झाले. पण म्हणाले ऑटोक्लेव्हने कचरा नाहीसा तर होत नाही ना? आणि तो चालवणार कोण?

भट्टीवाला_नाशिक

नाहीसा होत नाही हे खरंय, ते लपवू नका, नाहीतर सहा महिन्यांनी तेच तुमच्यावर उलटवतील. पण दीड किलोला ५०-६० लिटरचा उभा ऑटोक्लेव्ह सुद्धा पुरून उरेल. १२१ डिग्री, १५ पीएसआय दाब, कमीत कमी ६० मिनिटं. हे ६० मिनिटं तापमान गाठल्यापासून मोजायचं, स्विच दाबल्यापासून नाही, इथेच सगळे गंडतात. पिशव्या कोंबायच्या नाहीत, तोंड घट्ट बांधायचं नाही, वाफ आत गेली पाहिजे. इंडिकेटरची पट्टी (नीट तापलं की रंग बदलते ती) प्रत्येक वेळी, आणि आम्ही आठवड्याला स्पोअर टेस्ट (चिवट जंतू आत ठेवून ते मेले का बघायचं) करायचो. हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक) टाकलेला माल आत नको, तापल्यावर क्लोरीनचा वास येतो आणि भांडं खातं. सुया वापरल्या तिथेच हब कटर (सुई बुडापासून कापायचं हातातलं यंत्र) लावा, नळ्या कापून टाका म्हणजे परत कोणी वापरणार नाही.

आणि ऑर्डर देताना बॉडी कुठल्या स्टीलची ते विचारा. खाऱ्या हवेत ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलला सुद्धा डाग पडतात, ३१६ नंबरचं मिळालं तर बघा.

डॉ_पूर्वी_अॅटॉलवर

यात एक भर. आमच्याकडचा ऑटोक्लेव्ह बंद पडला तो विहिरीच्या पाण्याने. एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कॉइलवर) असा थर चढला की तीन महिन्यांत जळालं, आणि नवीन यायला पावसाळ्यात पाच आठवडे. तोपर्यंत परत ड्रम! पावसाच्या टाकीचं किंवा आरओचंच पाणी घाला, आणि मशीनसोबतच दोन एलिमेंट, दोन गॅस्केट मागवा. देणाऱ्या संस्थेला सांगा मशीन लहान द्या पण सुट्या भागांचे नि ट्रेनिंगचे पैसे त्यातच धरा. जनरेटरवर लोड येतो, म्हणून सोलर चालू असेल त्या दुपारच्या वेळी सायकल लावा.

सरळसोट

बरं बाबा हरलो. पण मुदत संपलेली औषधं? ती पण वाफेत?

डॉ_पूर्वी_अॅटॉलवर

नाही, हा प्रश्न मात्र अगदी बरोबर विचारलात. औषधं, केमिकल, पारा यातलं काहीच ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही, वाफेने ते मरत नाही. पाऱ्याचे थर्मामीटर असतील तर फुटायच्या आत डिजिटल घ्या. औषधांचं मूळ मागवण्यातच आहे, वर्षाचा साठा एकदम मागवला की निम्मा संपतो निम्मा सडतो. तिमाहीने मागवा, मुदत संपायला सहा महिने उरले की मोठ्या हॉस्पिटलला कळवून देऊन टाका. तरी उरलं तर सीलबंद डब्यात यादी लावून, उंचावर, जायची सोय होईपर्यंत.

चिपळूणची_सिस्टर

सगळ्यांचे आभार. दोन बादल्यांची जागा आजच बदलली, त्याला कोणाची परवानगी लागली नाही. ओट्याच्या उंचीवरून बेटाच्या कौन्सिलमध्ये वाद आहे, ते म्हणतात दोन फूट पुरे. इथल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी २००४ ला पाणी कुठवर आलं होतं ते सेंटरच्या भिंतीवर हाताने दाखवलं, माझ्या खांद्याला लागतंय. फोटो काढून मॅनेजरना पाठवलाय.