मिक्सरवरची पांढरी पावडर कपड्यांतून घरी येते का?

वानाडोंगरीची सून

नमस्कार. आमचे हे हिंगणा एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या एका लहान कंपनीत हायस्पीड मिक्सरवर आहेत. ठेकेदाराकडून, कायम नाही. सव्वा वर्ष झालं. मिक्सरमध्ये रेझिन, कॅल्शियम, टायटॅनियम आणि स्टॅबिलायझर पडतं. सगळंच पांढरं, कोणतं काय ते पोतं फोडणाऱ्यालाच माहीत.

दोन महिन्यांपासून यांच्या पोटात पीळ पडून राहिला. तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. तोंडात नाणं धरल्यासारखी चव लागते म्हणतात. जेवण अर्धं टाकतात, आणि पोरीवर कधी न ओरडणारा माणूस आता ताट वाजलं तरी ओरडतो. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा अॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. काम काय करता, हे एकदाही विचारलं नाही.

मी घरीच शिलाई करते, म्हणून कपड्याकडे लक्ष जातं. यांच्या पॅन्टच्या खालच्या दुमडीत आणि खिशाच्या शिवणीत बोटाने निघेल इतकी पावडर असते. मी रोज अंगणात कपडे झटकते आणि मग भिजवते. पोरगी ३ वर्षांची. बाबा आले की पायाला मिठी मारते, त्याच पॅन्टला.

परवा यांनी पोत्याचा फोटो दाखवला. वर ‘टीबीएलएस’ अशी अक्षरं आणि लाल चौकटीत एका माणसाची छाती चांदणीसारखी फुटलेली. सुपरवायझर म्हणे खडूच आहे, गूळ खात जा. रोज गुळाचा खडा देतात. हे खरंच खडू आहे का?

बुटीबोरीचा जुना मिक्सरमन

ताई, खडू नाही. टीबीएलएस म्हणजे ट्रायबेसिक लेड सल्फेट. लेड म्हणजे शिसं. पीव्हीसी तापवताना जळू नये म्हणून घालतात, हेच ते स्टॅबिलायझर. त्याच्या वजनात सुमारे ८३ टक्के शिसंच असतं, म्हणजे २५ किलोच्या एका पोत्यात जवळजवळ २१ किलो. खडूचं पोतं आणि हे पोतं शेजारी ठेवलं तर डोळ्याला फरक कळत नाही, म्हणूनच तर घोळ होतो. मी एकोणीस वर्षं मिक्सर चालवला, पहिली आठ वर्षं मलाही खडूच सांगितला होता.

तो छातीवाला शिक्का जगभर चालतो. आत गेल्यावर हळूहळू अवयव बिघडवणारा पदार्थ, असा त्याचा अर्थ.

पावडर आत जाते दोन वाटांनी. एक श्वास. पोतं फोडून हॉपरमध्ये, म्हणजे मिक्सरच्या तोंडात, उलटं केलं की जो धूर उठतो तो, आणि शिफ्ट संपताना कोरडा झाडू मारला की जो उडतो तो. मे महिन्यात आमच्याकडे मिक्सरसमोर कूलर लावायचे. गार वाटायचं, पण कूलर सगळी पावडर सरळ तोंडावर आणायचा. दुपट्टा बांधून काही होत नाही, बारीक कण कापडातून जातात. तोंडाला घट्ट बसणारा एफएफपी२ किंवा एफएफपी३ मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही कडेने गळतो. खरं काम मास्कचं नाहीच म्हणा. पोतं फोडतो तिथेच धूळ ओढून घेणारा पंखा कंपनीने बसवायला हवा, आणि जमीन ओल्या पोछाने पुसायला हवी.

दुसरी वाट तोंड. हे सांगायला लाज वाटते, पण आमच्या शिफ्टमध्ये तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटल्याशिवाय कोणी मिक्सर सुरू करत नव्हतं. पन्नी तळहातावर धरायची, घोटायची, मग चिमूट तोंडात. त्याच हाताने पाच मिनिटांपूर्वी पोतं फोडलेलं. सुपारीबरोबर शिसं खात होतो आम्ही. तुमचे मिस्टर खातात का ते विचारा. खोटं सांगतील, खिसा बघा.

कळमन्याचा पाइपवाला

उगाच घाबरवून राहिले तुम्ही ताईंना. बारा वर्षं झाली मला याच धंद्यात. रोज गूळ, रात्री ग्लासभर दूध. हट्टाकट्टा आहे. आजकालच्या पोरांचं पोटच कमजोर.

लॅबताई

भाऊ, गूळ फुप्फुसातली धूळ ओढून काढत नाही आणि शिसं तर मुळीच नाही. दुधाचं थोडं खरं आहे. अन्नात कॅल्शियम आणि लोह पुरेसं असेल, पोट रिकामं नसेल, तर गिळलेलं शिसं कमी शोषलं जातं. पण शोषलेलं दूध काढत नाही. शिसं रक्तातून हाडांत जाऊन बसतं आणि तिथे दशकानुदशकं राहतं. तुम्ही हट्टेकट्टे आहात की नाही ते रक्तच सांगेल. कधी तपासलंय?

ताई, तुम्ही लिहिलेला पोटाचा पीळ, बद्धकोष्ठ, तोंडातली धातूची चव आणि चिडचिड, हे चारही शिशाच्या विषबाधेत दिसतात. दुसऱ्या आजारांतही दिसतात, म्हणून अंदाजावर बसू नका. फिजिशियनकडे जा, आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोला: शिशाच्या पावडरीत काम करतात. ‘ब्लड लेड’ लिहून घ्या. साध्या रक्त तपासणीत शिसं येत नाही, फार तर हिमोग्लोबिन कमी दिसतं. रक्त शिरेतूनच द्या. बोट टोचून घेतलं तर कातडीवरची पावडर नमुन्यात मिसळते. आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येईल. जागतिक आरोग्य संघटना ५ किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा म्हणते. शिसं काढायचं औषध आहे, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. औषध घेत घेत मिक्सरवर जाणं तर उलट अंगावर येतं.

आणि पोरीचंही रक्त द्या, त्याच दिवशी. मोठ्या माणसाच्या पोटातून गिळलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग अंगात जातो, लहान लेकराच्या पोटातून निम्म्याच्या आसपास. मेंदू वाढत असतो, म्हणून त्यांना कमी मात्राही भारी पडते. कपडे झटकणं आजपासून बंद. कंपनीतच आंघोळ करून, कपडे आणि चपला बदलून यायला सांगा. मळलेले कपडे पिशवीतून सरळ बादलीभर पाण्यात, घरच्या कपड्यांपासून वेगळे. घरात झाडू नको, ओला पोछा.

बुटीबोरीचा जुना मिक्सरमन

कागदाचंही सांगतो. ठेकेदाराचा माणूस असला तरी पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापत असतील तर कार्ड मागून घ्या. शिशामुळे होणारे आजार कायद्यात कामामुळे झालेले आजार म्हणून यादीत आहेत. शिशाची विषबाधा आढळली तर डॉक्टरांनी सरकारी निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायची असते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय नागपुरातच आहे. आणि पाइपात शिशाचं स्टॅबिलायझर बंद करण्यासाठी केंद्राने २०२१ मध्येच नियम काढलेत. पुष्कळ कंपन्या कॅल्शियम-झिंकवर गेल्या. यांच्याकडे अजून पोती येतात म्हणजे मालक स्वस्तात उरकून राहिला.

एक राहिलंच. रिकामी पोती घरी आणतात का?

वानाडोंगरीची सून

सगळ्यांचे आभार. खिसा पाहिला. पन्नी निघाली.

पोती आणतात. मजबूत असतात म्हणून. दोन चुंगड्यांत या वर्षीचा गहू भरलाय, सासऱ्यांनी गावाहून दिलेला. मी पोती उलटी करून दोनदा धुतली होती. फेब्रुवारीपासून तोच गहू दळून राहिले मी. पोत्यावरची अक्षरं धुण्यात गेली असं वाटलं होतं. आता बॅटरी घेऊन पाहिलं. एकीवर रेझिनचं नाव आहे. दुसरीच्या तळाच्या शिवणीपाशी अर्धी चांदणी आहे.

धुऊन, उन्हात घालून चालेल का?

लॅबताई

नाही ताई. शिसं उन्हाने, धुण्याने, दळण्याने, शिजवल्याने जात नाही. पोत्याच्या विणीत बसलेली पावडर गव्हाला लागलेली असणार. त्या चुंगडीतला गहू खाऊ नका, कोंबड्यांना, गाईलाही घालू नका. पोतं जाळू तर मुळीच नका. तोंड बांधून कंपनीत परत पाठवा, घातक कचऱ्यात घालणं त्यांचं काम. रेझिनवालीतला गहूही रक्ताचा अहवाल येईपर्यंत राहू द्या. आणि तुमचंही रक्त द्या. कपडे तुम्ही झटकत होतात.

वानाडोंगरीची सून

सोमवारी तिघंही जातोय. यांनी सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, एका दिवसाचा पगार कापेन. कापू दे म्हटलं.

सासऱ्यांना गव्हाचं काय सांगू, तेवढं कळत नाहीये.