वर्षभर टिकलेल्या सवयी : कोल्हापुरातील घरांचे अनुभव

घर पर्यावरणपूरक करण्याचे उपाय आपल्याला ठाऊक असतात. अडते ते पुढे. म्हणून येथे प्रत्येक घराने एवढेच लिहावे, की घरात सुरू केलेली कोणती सवय वर्षानंतरही टिकली, कोणती सुटली आणि का.

सुरुवात मी करते. राजारामपुरीतील आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा पहिला प्रयत्न मी पावसाळ्यात केला आणि तिथेच चुकले. बादलीला खालून भोके होती, परंतु भाजीची देठे, साली आणि चहाचा चोथा यांत कोरडे काहीच मिसळत नव्हते; त्यामुळे आत हवा खेळेना, आठवड्यात आंबूस वास सुटला, अळ्या झाल्या आणि शेजारच्या काकूंनी सौम्य शब्दांत, पण स्पष्टपणे नापसंती कळवली. दुसऱ्या वेळी पानगळीच्या दिवसांत पोतेभर वाळका पाला आधीच साठवला, बादलीला बाजूनेही भोके पाडली आणि एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या चुरलेला पाला हे प्रमाण पाळले. अधूनमधून आंबट ताक शिंपडते. दोन-अडीच महिन्यांत काळसर, मातीचा वास असलेले खत हाती येते. मटणाची हाडे मात्र त्यात कुजत नाहीत, आणि रविवारी तांबडा-पांढरा रस्सा झाला की ती निघणारच; ती वेगळी घंटागाडीत जातात. (मटण कमी करण्याचा उपाय आमच्या घरी सुचवण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.)

शुक्रवार पेठ : आमच्याकडे म्हशीचे दूध पूर्वीपासून किटलीतच येते, मग मटणालाच पिशवी कशाला, असे वाटून 2018 साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा स्टीलचा डबा न्यायला लागलो. दुकानदार रिकामा डबा तराजूवर ठेवून काटा शून्यावर आणतो, एवढेच. पिशवीतून रक्त गळणे थांबले, म्हणूनच ही सवय टिकली असावी.

मंगळवार पेठ : आमच्या घरी तांब्याचा बंब होता. त्यात लाकडाच्या ढलप्या, शेणी आणि करवंट्या जळत; शिवाय घरातले सगळे प्लास्टिकही सर्रास जाई, आणि तो विषारी धूर आईच्या नाकातोंडात जात असे, हे आम्हाला फार उशिरा उमगले. गच्चीवर सूर्यबंब बसवल्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जळण लागेनासे झाले. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कोल्हापूरचे आभाळ उघडत नाही, त्यामुळे त्या दोन महिन्यांत जुना बंब पुन्हा पेटतो. अट एकच ठेवली आहे, की त्यात प्लास्टिकचा कपटाही टाकायचा नाही.

ताराबाई पार्क : सर्वांकडे असते म्हणून आम्हीही पिण्याचे पाणी शुद्ध करणारे आर.ओ. यंत्र बसवले होते. एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे तीनेक लिटर पाणी मोरीत जाताना पाहून मी ते बादलीत धरू लागलो आणि कुंड्यांना घातले. काही महिन्यांत तुळशीची पाने कडांनी करपली. यंत्राने वगळलेले क्षार त्याच पाण्यात साठतात, हे तेव्हा ध्यानात आले. मग ते फरशी पुसण्यासाठी वापरले. पुढे नळाच्या पाण्यातले क्षार मोजले, तेव्हा मापकावर आकडा दीडशेच्याही आत निघाला; भारतीय मानकांनुसार 500 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचे क्षार पिण्याच्या पाण्यात चालतात. म्हणजे क्षार काढणारे यंत्र आम्हाला नकोच होते, जंतू मारणारे पुरेसे होते. बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी मात्र आधी मोजूनच ठरवावे.

जुना बुधवार पेठ : घरच्या गणपतीची शाडूची मूर्ती आम्ही बादलीत विसर्जित करतो. सासूबाईंना पंचगंगेच्या घाटाशिवाय विसर्जन पटत नव्हते. पहिली दोन वर्षे आरती घाटावर आणि विसर्जन घरी, अशी तडजोड करावी लागली.

फुलेवाडी : माझा अनुभव फसल्याचाच आहे. कापडी पिशव्या घेत गेलो आणि दरवेळी घरीच विसरल्यामुळे आणखी घेत गेलो, त्या चौदा झाल्या. कापसाच्या पिशवीमागे पाणी पुष्कळ खर्च झालेले असते, त्यामुळे ती वर्षानुवर्षे वापरली तरच उपयोग. आता एक गाडीच्या डिकीत कायमची असते. उरलेल्यांपैकी काहींची पत्नीने पायपुसणी शिवली.