ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. पुरुषांसाठी पेल्विक फिजिओथेरपी कोणी घेतली आहे का?

नमस्कार मंडळी,

विषय जरा अवघड आहे, पण पाच महिने सोसल्यावर आता विचारतोच. वय ४६, नाशिकला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत, जाऊन-येऊन ४० मिनिटं बाईकवर.

दिवाळीनंतर लघवीला जळजळ सुरू झाली. मग ओटीपोटात आणि वृषण व गुदद्वार यांच्या मधल्या जागेत दुखायला लागलं. तिथे सुपारीवर बसल्यासारखं वाटतं. तासभर बसलो की दुखणं वाढतं, उठून फेऱ्या मारल्या की उतरतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात-आठ वेळा बाथरूम, रात्री दोन-तीनदा उठणं. धार सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते आणि झाल्यावरही थोडी राहिल्यासारखी वाटते. शरीरसंबंधानंतर दुसरा दिवस हमखास वाईट जातो. ताप नाही, लघवीतून रक्त नाही, वजन घटलेलं नाही.

वडिलांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे माझंही तेच असणार असं धरून चाललो होतो. युरॉलॉजिस्टनी समजावलं की वयोमानाने प्रोस्टेट वाढते तेव्हा मुख्य त्रास लघवीचा होतो. असं बसता न येण्याइतकं दुखणं हे त्याचं लक्षण नव्हे. तपासण्या सगळ्या झाल्या. युरिन कल्चर दोनदा, दोन्ही वेळा जंतू नाहीत. सोनोग्राफीत प्रोस्टेट २४ ग्रॅम, लघवीनंतर मूत्राशयात उरलेली लघवी १५ मिली. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) १.१. साखर ठीक. मशीनमध्ये लघवी करून धारेचा वेग मोजतात, तोही सेकंदाला १७ मिली, म्हणजे चांगला.

त्याआधी फॅमिली डॉक्टरांनी सात दिवस अँटिबायोटिक दिलं होतं, मग युरॉलॉजिस्टनी चार आठवडे लिव्होफ्लॉक्सासिन. तिसऱ्या आठवड्यात टाचेच्या वरची शीर दुखायला लागली. लगेच फोन केला, त्यांनी गोळी थांबवायला सांगितली. या गटातल्या औषधांनी स्नायूबंधांना इजा होऊ शकते हे मला तेव्हा कळलं. कोणी ही गोळी घेत असेल आणि टाच दुखायला लागली, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना सांगा. टॅमसुलोसिन ०.४ चालू आहे. त्याने धार सुधारली, दुखणं आहे तिथेच आहे. (रात्री झोपताना घेतो. पहिल्या दिवशी झटकन उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली होती.)

डॉक्टरांचं निदान: क्रॉनिक पेल्विक पेन सिंड्रोम, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या भागाचं जुनाट दुखणं. प्रोस्टेटायटिसचे (प्रोस्टेटच्या सुजेचे) चार प्रकार मानतात, त्यातला हा तिसरा आणि सगळ्यात जास्त आढळणारा. यात जंतू सापडत नाहीत. त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली, ४३ पैकी माझे गुण २६ आले. जितके जास्त तितका त्रास जास्त.

आठवडाभर लघवीची वहीही ठेवायला लावली. बाथरूममध्ये मापाचा प्लास्टिकचा मग ठेवला, प्रत्येक वेळी आकडा लिहिला. दिवसा ६० मिली, ८० मिली, ७० मिली. आणि पहाटे उठल्यावर ३५०! तो आकडा बघून मी मग हातात धरून तसाच उभा राहिलो. म्हणजे मूत्राशय ३५० धरू शकतं, तरी दिवसा ७०लाच घाई होते. दुसरी गोष्ट वहीतच दिसली. स्टॉक मोजायला दोन दिवस गोडाऊनमध्ये उभा होतो, तेव्हा फेऱ्या निम्म्यावर आल्या. मार्चअखेरीला दुप्पट.

डॉक्टर म्हणाले, मूत्राशय आणि प्रोस्टेटला खालून झोळीसारखे आधार देणारे स्नायू असतात. मान आखडते तसे ते आखडले तर दुखतात, आणि लघवीच्या वेळी सैल व्हायला हवेत ते होत नाहीत. मला हे पटतं, कारण मधल्या काळात मोबाईलवर बघून मी १५ दिवस कीगल व्यायाम (हेच स्नायू आवळून धरायचे) केले आणि दुखणं दुप्पट झालं. आधीच आवळलेला स्नायू मी आणखी आवळत होतो. माझ्यासारखं दुखणं असेल तर तपासून घेतल्याशिवाय हे व्यायाम करू नका, ही कळकळीची विनंती. संध्याकाळी कोमट पाण्याच्या टबात १५ मिनिटं बसतो, त्याने मात्र खरंच बरं वाटतं.

त्यांनी आता पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी सुचवली आहे. इथे तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी "आम्ही फक्त लेडीज पेशंट घेतो" सांगितलं, तिसऱ्या ठिकाणी मी काय विचारतोय हेच रिसेप्शनवर समजेना. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून हळू आवाजात हे सगळं सांगताना फार एकटं वाटलं.

म्हणून विचारतो. नाशिक, पुणे किंवा ठाण्यात पुरुषांवर हे उपचार करणारं कोणी माहीत आहे का? नाव धाग्यावर नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ज्यांनी घेतले त्यांना किती बैठकांनंतर फरक पडला, आणि घरी नेमकं काय करायला सांगितलं?

दुसरं, रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ सुरू करायला सांगितली आहे. "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणून सौ. घाबरली आहे. कमी मात्रेत ती नसांच्या दुखण्यावर देतात असं डॉक्टर म्हणाले. कोणी घेतली असेल तर सकाळी गुंगी राहते का? मला साडेआठला बाईक चालवायची असते.

तिसरं, एक नातेवाईक अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स घेच म्हणून मागे लागले आहेत. दोन्ही कल्चर कोरी असताना माझं मन घेत नाही. इथे कोणी डॉक्टर असतील तर त्यांचं मत हवं आहे. पुढची अपॉइंटमेंट शनिवारी आहे, त्याआधी सांगितलंत तर तिथे नीट विचारता येईल.